पाणी कुठपर्यंत येतंय?

गाण्यांचं यंत्र जुन्या घराच्या माजघरात ठेवायचं, हे आमच्याकडे उन्हाने ठरवलं. चोपडा तालुक्यात मे महिन्यात पारा 45 च्या आसपास असतो आणि नव्या घराची स्लॅब मध्यरात्र उलटली तरी ऊब सोडत नाही. जुनं घर धाब्याचं. लाकडी सऱ्या, त्यावर काड्या, त्यावर खाऱ्या मातीचा जाड थर, आणि हात पसरला तरी खिडकीच्या पलीकडे पोचणार नाही इतक्या रुंद भिंती. दरवर्षी पावसाळ्याआधी धाब्यावर खारी टाकायला माणसं शोधताना सगळे या घराला शिव्या घालतात. वैशाखात मात्र दुपारी जेवण झालं की एकेक जण उशी घेऊन तिथेच येतो. रास्पबेरी पाय हा तळहातावर मावणारा संगणक 80 अंशांच्या पुढे तापला की स्वतःचा वेग स्वतःच कमी करतो. त्यालाही हेच घर मानवलं.

माजघरातल्या कोनाड्यात तो संगणक, त्याला लावलेली डिस्क आणि शेजारी दोन स्पीकर, एवढाच संसार. फुई, म्हणजे माझी आत्या, त्याला ‘डबा’ म्हणते. डब्यात शास्त्रीय आहे, जुनी नाट्यगीतं आहेत, जत्रेत रेकॉर्ड केलेलं वहीगायन, म्हणजे आमच्याकडचं लोकगायन, आहे. पण फुईच्या लेखी त्यात एकच गोष्ट आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या मुलींसोबत माझी आजी गौराईची गाणी म्हणायची, ती कोणीतरी टेपरेकॉर्डर याच कोनाड्यात ठेवून भरून घेतली होती. त्या कॅसेटी चिकटायला लागल्या तेव्हा मी त्या एकेक करून संगणकात उतरवल्या, फ्लॅक स्वरूपात. फ्लॅक 2001 साली आलं. फाईल साधारण निम्म्यावर येते आणि आवाजातलं काहीच कापलं जात नाही. एमपी3 कापतं, आणि काय कापायचं ते माणसाच्या कानाला सहसा काय जाणवत नाही यावरून ठरवतं. आजीच्या गाण्यामागे झोक्याची कडी करकरते, मध्येच एक शेळी ओरडते, कोणीतरी ‘ए पोरी, सरक ना’ म्हणतं. त्यातलं काय ऐकण्याजोगं आहे हे दुसऱ्या कोणी ठरवावं, हे मला पटेना.

ही सगळी गाणी वाजवणारा प्रोग्राम म्हणजे लायरियन. त्याची कथा थोडक्यात सांगायला हवी. स्लिम डिव्हायसेस नावाच्या छोट्या कंपनीने घरातल्या संगणकावरची गाणी घरभर वाजवणारी यंत्रं काढली. 2006 मध्ये लॉजिटेकने ती कंपनी घेतली आणि 2012 मध्ये स्क्वीझबॉक्स ही यंत्रं बंद केली. एरवी तिथेच कारभार आटोपला असता. पण सर्व्हरचा प्रोग्राम मुक्त होता, त्यामुळे जगभरातले हौशी लोक तो दुरुस्त करत राहिले, आणि 2024 मध्ये त्याने लायरियन हे नवं नाव घेतलं. कंपनीने दुकान आवरल्यावर इतकी वर्षं चालत राहिलेली वस्तू आपल्या माजघरात आहे, याचं मला अजून कौतुक वाटतं.

तर हा डबा एका संध्याकाळी गप्प झाला. फोनवरच्या अ‍ॅपमध्ये गाण्यांची यादी रिकामी, वर ‘सर्व्हर सापडत नाही’. फुईने ओट्यावरून हाक मारली, “का रे भो, मायना आवाज कथा गया?”

आवाज कुठेच गेला नव्हता, आणि या बिघाडातली गंमत तिथेच आहे. डिस्क, संगणक आणि स्पीकर एकाच कोनाड्यात, एकमेकांपासून वीतभर अंतरावर. गाण्याला कुठे जायचंच नसतं. पण ‘हे गाणं लाव’ हा हुकूम फुईच्या फोनमधून निघतो, हवेतून नव्या घरातल्या राउटरकडे जातो, तिथून वायरीने अंगण ओलांडून परत जुन्या घरात येतो आणि कोनाड्यातल्या संगणकाला गाठतो. फुई डब्यापासून चार पावलांवर बसलेली असते, तिचा हुकूम मात्र सगळ्या वाड्याला वळसा घालून येतो. संगणकालाच वाय-फायवर टाकलं असतं तर वायर वाचली असती, पण त्या भिंतींपुढे वाय-फायचं फारसं चालत नाही. वाय-फायच्या दोन लहरींपैकी 5 गिगाहर्ट्झची रेंज अंगणातच संपते. 2.4 ची ओट्यापर्यंत, फार तर उंबऱ्यापर्यंत येते, आणि कोनाड्यात कधी असते, कधी नसते.

बातमी घरात पसरली तसे सल्ले सुरू झाले. पहिला अर्थातच, “नेट गेलं असेल.” नेट गेलं नव्हतं, सल्ला देणारा त्याच क्षणी फोनवर क्रिकेट बघत होता. आणि गेलं असतं तरी फरक पडला नसता. डब्यातली गाणी वाजवायला बाहेरचं इंटरनेट लागतच नाही, घरातल्या घरात फोन आणि डबा यांची गाठ पडली की पुरे. मागे गावाचा फायबर आठवडाभर तुटलेला होता तेव्हा गावात गाणी वाजत होती ती फक्त आमच्याकडे. हे मी पुष्कळदा समजावलं आहे, आणि दरवेळी समोरच्याने मान डोलावून “म्हणजे नेटच ना?” असं विचारलं आहे.

दुसरा सल्ला शेजारच्या पोराचा. राउटरच्या मागे बारीक भोक असतं, त्यात टाचणी घालून दाबून धर. या टाचणीचा मला मनापासून राग आहे. तिने बिघाड जात नाही, मांडणी जाते: वाय-फायचं नाव, पासवर्ड, कुठल्या यंत्राला नेटवर्कवरचा कुठला पत्ता राखून ठेवला आहे ती यादी, सगळं पुसून राउटर कोरा होतो. मग मूळ बिघाड तसाच आणि त्यावर नवे चार.

तिसरा सल्ला, बंद करून चालू कर, हा त्यापेक्षा शहाणा. पुष्कळदा त्याने खरंच भागतं, कारण यंत्र नव्याने उठतं तेव्हा राउटरकडे नव्याने पत्ता मागतं आणि मेमरीतला गुंता मोकळा होतो. पण अशा छोट्या संगणकांवरच्या अनेक प्रणाली आपल्या नोंदीही मेमरीतच ठेवतात. वीज काढली की त्या गेल्या. काय बिघडलं हे ज्याला कळून घ्यायचं आहे त्याने आधी नोंदी बघाव्यात, मग प्लग उपटावा.

कामाचा सल्ला दिला तो जिभाऊंनी. त्यांना नेटवर्कमधलं काही कळत नाही, आणि ते तसं सांगतातही. त्यांची केळी आहे, सगळी ठिबकवर. शेवटच्या ओळीत झाडं कोमेजलेली दिसली म्हणून कोणी विहिरीत उतरत नाही. मोटर चालू आहे का, फिल्टरच्या अलीकडे-पलीकडे दाब किती, मेनलाइनला पाणी आहे का, सबमेनचा व्हॉल्व्ह उघडा आहे का, नळीच्या तोंडाशी धार येते का, असं चालत चालत जायचं. जिथपर्यंत पाणी आहे तिथपर्यंतचं सगळं ठीक, दोष त्याच्या पुढे. ते ओट्यावर बसून तंबाखू मळता मळता म्हणाले, “पानी कठलोंग येस, ते पह्यले देख.”

तसंच केलं. फोनवरून राउटरचं पान उघडलं, म्हणजे फोन ते राउटर वाट चालू. त्या पानावर जोडलेल्या यंत्रांची यादी असते. टीव्ही होता, घरातले सगळे फोन होते, वहिनींच्या फोनला मुलांनी दिलेलं वात्रट नावही होतं. डबा नव्हता. मग राउटरच्या मागे जाऊन ज्या भोकात अंगणातली वायर घुसते तिथला दिवा बघत बसलो. हे दिवे फुकटचे साक्षीदार असतात, पण कोणी त्यांच्याकडे बघत नाही. दिवा लागलेला असला तर वायरीच्या दुसऱ्या टोकाला कोणीतरी जिवंत आहे. विझलेला असला तर वायर तुटलेली, नाहीतर पलीकडचं यंत्र बंद. आमचा दिवा लागायचा, काही क्षण टिकायचा, विझायचा, परत लागायचा.

आता डब्याकडून बघायचं होतं. या संगणकाला पडदा नसतो, टीव्ही लावावा लागतो, आणि त्याला मायक्रो एचडीएमआय नावाचं चिमुकलं तोंड दिलेलं आहे. ते कोणी पसंत केलं असेल त्याच्या घरी वायरींचा ड्रॉवर नसणार. तालुक्याच्या दुकानात त्याची पिन मिळाली नाही. पुतण्या जळगावला जाणार होता, त्याने गोलाणी मार्केटमधून आणली. टीव्ही माजघरात नेला, कीबोर्ड लावला आणि नोंदी उघडल्या. पानभर एकच जोडी: लिंक इज अप, लिंक इज डाउन, लिंक इज अप, लिंक इज डाउन. दर वेळी ‘अप’च्या पुढे 1 गिगाबिट वेगाची नोंद. पत्ता बघितला तर 169.254 ने सुरू होणारा. हा पत्ता कोणी दिलेला नसतो. यंत्र पत्ता मागतं, बराच वेळ कोणी उत्तर देत नाही, तेव्हा ते या राखीव मालिकेतला एखादा पत्ता स्वतःच घेतं. 2005 च्या एका मानकात तसा नियमच घालून दिलेला आहे. घरातले बाकीचे पत्ते 192.168 चे. त्या फोनांना 169.254 वाला डबा दिसणार कसा? म्हणजे हुकूम राउटरपर्यंत येत होता आणि डबाही जागा होता. दोष मधल्या वायरीत, किंवा तिच्या दोन टोकांत.

खात्री करायला डबा उचलून नव्या घरात नेला आणि हातभर लांबीच्या चांगल्या वायरीने राउटरला जोडला. दिवा लागला तो लागलाच. अ‍ॅपमध्ये यादी भरली. वहिनी म्हणाल्या, “मग राहू द्या ना इथेच.” स्लॅबखाली डबा तापेल हे एक कारण होतंच, पण खरं कारण फुई. तिला ती गाणी त्याच माजघरात हवी असतात.

चोपड्याहून वायरिंगवाला आला, त्याच्याकडे टेस्टर होता. दोन तुकडे असतात, एकेक टोकाला एकेक लावायचा, आणि आत वळलेल्या आठ तारांसाठी आठ दिवे ओळीने लागत जातात. एक, दोन, तीन लागले, चौथा लागलाच नाही, पाच ते आठ पुन्हा नीट. त्याने वायर थोडी हलवली तर चौथा लागला, सोडली तर विझला. चौथी तार म्हणजे निळी. आता त्या लागण्या-विझण्याचा अर्थ कळला. 100 मेगाबिटच्या वेगाला फक्त नारिंगी आणि हिरवी जोडी लागते. 1 गिगाबिटला आठ तारांच्या चारही जोड्या. दोन्ही टोकं आधी एकमेकांना विचारून 1 गिगाबिट ठरवतात, मग सगळ्या जोड्यांवर काम सुरू करायला जातात, निळी दगा देते, जोडणी तुटते, पुन्हा पहिल्यापासून बोलणी. काही यंत्रं अशा वेळी मुकाट्याने 100 वर उतरतात. आमची उतरत नव्हती.

मग तूर्तास संगणकालाच सांगून टाकलं की 100 च्या वर जाऊ नकोस. एका ओळीची आज्ञा. संगीताला एवढ्या वेगाची गरजही नसते. सीडीच्या दर्जाचा, अजिबात न दाबलेला आवाज सेकंदाला सुमारे 1.4 मेगाबिट मागतो. गौराईच्या गाण्यांना 100 म्हणजे वतनदारी. त्या रात्री गाणी वाजली आणि घरात प्रकरण मिटलं. माझ्यासाठी मिटलं नव्हतं. आज निळी गेली, उद्या नारिंगी जाईल.

वायर जुन्या घराच्या धाब्याच्या कडेवरून जात होती, तिथे ती लोखंडी तारेने पाइपाला आवळलेली होती. शिडी लावून बघितली. सावलीतलं आवरण अजून निळसर, मऊ. उन्हातलं पांढुरकं, बोट फिरवलं की पीठ लागतं. आवळलेल्या जागी आवरणाला बारीक भेगा, आणि वाऱ्याने झुलून झुलून तिथेच बाक आलेला. वायरिंगवाल्याने ब्लेडने आवरण उतरवलं, निळी तार काढली आणि नखाने खरवडली. वरचा तांबूस पापुद्रा निघाला आणि आत पांढरा धातू चमकला. अ‍ॅल्युमिनियम, वरून तांब्याचा मुलामा. अशी वायर बाजारात सर्रास मिळते, स्वस्त मिळते, आणि बॉक्सवर कॅट फाइव्ह-ई असं छापलेलंही असतं. खरं तर त्या मानकाला पूर्ण तांबं लागतं. अ‍ॅल्युमिनियमची तार एकाच जागी वाकत राहिली की तुटते. शिवाय ती घरात वापरायची वायर. तिच्या आवरणाला खान्देशातल्या उन्हाची सवय नसते. घेताना टोकाची तार खरवडून बघायला अर्धा मिनिट लागतो. दुकानदार रागावला तर दुसरं दुकान बघावं.

नवी वायर पूर्ण तांब्याची आणली. प्रश्न होता तिला उन्हातून नेण्याचा. मी पीव्हीसी पाइपाचा हिशेब मांडत होतो, तेवढ्यात जिभाऊ खळ्याकडे गेले आणि ठिबकच्या जुन्या नळीचं वेटोळं खांद्यावर टाकून आले. 16 मिलिमीटरची काळी नळी. केळीपट्ट्यात अशी वेटोळी गोठ्यामागे पडलेलीच असतात. तिचा काळा रंग शोभेचा नसतो. प्लास्टिकमध्ये काजळी मिसळलेली असते आणि ती उन्हातली अतिनील किरणं अडवते, म्हणून तर ही नळी वर्षानुवर्षं शेतात उघड्यावर पडून राहते. वायर त्यात सहज जाते, फक्त टोकाचं कनेक्टर नंतर बसवायचं. वायरिंगवाल्याला हे पसंत नव्हतं. नळीला दर थोड्या अंतरावर ड्रिपर आहेत, पाणी शिरेल, असं त्याचं म्हणणं. जिभाऊ हसले. ड्रिपरची तोंडं खाली ठेव, म्हणाले, शिरलं तेवढं गळून जाईल. आयुष्यभर ज्या माणसाने ती तोंडं चोंदू नयेत म्हणून नळ्या आम्लाने धुतल्या, त्याला पाणी कुठून बाहेर पडतं हे कोणी शिकवावं!

आधी जाड तार सारली, तिच्या शेपटीला वायर बांधून ओढली. वायर विजेच्या लाइनपासून लांब ठेवली. दोन घरांमध्ये तांब्याची वायर नेताना विजांचा विचार करावाच लागतो. मृगाआधीची वळवाची गडगडाट इकडे जोरदार असते, आणि दोन इमारतींचे मीटर वेगळे असतील तर फायबर बरा, कारण काचेतून वीज वाहत नाही. आमच्याकडे मीटर एकच आणि अंतर अंगणाएवढं, म्हणून तांब्यावर भागवलं. ढग दाटले की वायर काढून ठेवायची, असं घरात ठरलं आहे. पाळलं किती जातं ते सोडा.

कनेक्टर पुतण्याने बसवलं. आठ तारा नखाने सरळ करायच्या, रंगाने लावायच्या: नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी. हिरवीची जोडी फोडून मध्ये निळी का घुसवली आहे हे त्याला पटत नव्हतं. खरं कारण जुनं आहे: मधल्या दोन पिना टेलिफोनच्या लाइनसाठी राखलेल्या, आणि नव्या वायरिंगने जुन्या फोनची सोय मोडू द्यायची नव्हती. तारा एका रेषेत कापल्या, आत सारल्या, पक्कडीने दाबल्या. टेस्टरचे आठही दिवे लागले. फोटो पुतण्याच्या स्टेटसला गेला.

या सगळ्यापेक्षा महिन्याला थोडे पैसे देऊन कुठल्याही कंपनीची गाणी ऐकणं सोपं नाही का, असं मला भाचीने विचारलं. सोपं आहे. मीही ऐकतो. पण तिथे गाणं बंद पडलं की गोल फिरणाऱ्या चिन्हाकडे बघत बसायचं. कुठपर्यंत पाणी आलं आहे हे बघायला कोणी आत घेत नाही. एखादं गाणं यादीतून निघून जातं, का ते कळत नाही, विचारायचं कोणाला तेही कळत नाही. माझ्या डब्यातला प्रत्येक सांधा मला बघता येतो, हातात घेता येतो, खरवडता येतो. त्यासाठी भर उन्हात शिडीवर चढावं लागतं हे खरं, आणि ज्याला ते नको त्याने डबा ठेवू नये. शिवाय आजीची गाणी कुठल्या कंपनीकडे आहेत?

नळीत वायर एक जाणार होती. जिभाऊंनी दोन ओढायला लावल्या. एवढा खटाटोप करतोच आहोस तर एक जास्तीची असू दे. दुसरीची टोकं प्लास्टिकची पिशवी बांधून तशीच ठेवली आहेत. आता तिच्यावर त्यांचा डोळा आहे. त्यांना गोठ्यावर कॅमेरा हवाय, आणि कुठूनतरी त्यांनी ऐकून ठेवलं आहे की कॅमेऱ्याला लागणारी वीजही याच वायरीतून नेता येते. येते. वायर पूर्ण तांब्याची असावी लागते, आणि ती आहे. मी म्हटलं, त्यासाठी वायरीत वीज सोडणारा नेटवर्कचा वेगळा स्विच घ्यावा लागेल, खर्च आहे. ते म्हणाले, केळीचा भाव बघून सांगतो. फुई आतून ऐकत होती. “लाव तुना कॅमेरा,” ती जिभाऊंना म्हणाली, “पन मना गाना बंद पडाले नको.”